अर्ध्यावरचा काटा

“किती हाय ओ ताई, टाकीत?”

उद्यमनगरातल्या गॅरेजमध्ये मेस्त्रींनी सहज विचारलं आणि मला उत्तर देता येईना. दोन वर्षं ही गाडी मी चालवतेय, त्याआधी अठरा वर्षं बाबा चालवायचे. कुठल्या दाराला किती जोर लावायचा, पावसात कुठली काच खाली घेतली की परत वर येत नाही, सगळं मला पाठ आहे. पण तिच्या पोटात पेट्रोल किती, ते ठाऊक नाही. ठाऊक असतं तर गॅरेजला आले असते कशाला? काटा कित्येक वर्षं अर्ध्याच्या रेघेला चिकटून बसलेला. टाकी भरा, अर्धी. गाडी ढकलत पंपावर न्या, तरी अर्धी. “साहेबांची डायरी असंल की खणात,” मेस्त्री म्हणाले. डायरी होती. पण तिच्यातली शेवटची नोंद बाबांच्या हातची, २०२३ च्या उन्हाळ्यातली. पुढं मी काही लिहिलं नव्हतं. मी आपली दर सोमवारी पाचशेचं टाकायची आणि बाकी अंबाबाईवर सोपवायची.

मेस्त्री मागच्या चाकाशी उकिडवे बसले. हात खाली घातला आणि बोटांच्या पेरांनी टाकीवर टकटक करत खालून वर यायला लागले. खाली आवाज बसका येत होता, भिजलेल्या पोत्यावर मारल्यासारखा. थोडं वर गेल्यावर तोच आवाज अचानक मोकळा झाला. तिथं त्यांनी पुन्हा दोनदा ठोकून खात्री केली, हात फडक्याला पुसला आणि म्हणाले, “सात, साडेसात. उद्या उघडूया. ऱ्हाऊ दे गाडी हितंच.”

मी रिक्षानं घरी आले. ती टकटकही माझ्याबरोबर आली.

गाडी २००५ सालची. पंधरा वर्षं झाल्यावर २०२० मध्ये तिचं पासिंग बाबांनीच करून आणलं होतं. पाच वर्षांची ती मुदत यंदा संपली, म्हणून आरटीओत न्यायच्या आधी सगळी बारीकसारीक कामं काढली होती. हॉर्न, मागचा दिवा, वायपरचं रबर. काट्याचं काम यादीत सगळ्यात शेवटी लिहिलं होतं, आणि लिहिताना जरा अडखळलेच होते. कशामुळं, ते तेव्हा कळलं नाही.

झाकलेल्या भांड्यात किती उरलंय हे न उघडता ओळखणारी माणसं मी लहानपणापासून बघत आले, पण त्या रात्री ती सगळी एकदम आठवायला लागली. आजी रॉकेलच्या डब्यात खराट्याची हीर बुडवायची, बाहेर काढून उजेडाला धरायची आणि ओल्या भागाला नख लावून म्हणायची, “गुरुवारपर्यंत पुरंल.” तिनं सांगितलेला गुरुवार कधी बुधवार झाला नाही. आई गॅसच्या सिलिंडरवर ओलं फडकं फिरवून थांबते. गॅस असतो तिथंवर ओल टिकते, वरचा पत्रा आधी सुकतो. मग ती त्या रेघेवर बोट ठेवून १४ किलो २०० मधले किती संपले ते सांगते. पंपावर टँकर आला की मालक टाकीत लांब पट्टी सोडतो, तिच्या टोकाला पाणी ओळखणारी पेस्ट लावलेली असते. रांजण, कणगी, कलिंगड, शहाळं, सगळ्यांवर कुणी ना कुणी टिचकी मारून बघितलेली आहे. एवढंच कशाला, सगळं कोल्हापूर पावसाळ्यात हेच करतं. जुलै उजाडला की दूधवाल्यापासून प्राध्यापकापर्यंत जो तो एकच विचारतो, “बंधाऱ्यावर किती फूट?” पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी येतं.

आणि डॉक्टर. आउएनब्रुगर नावाचा एक ऑस्ट्रियन डॉक्टर अठराव्या शतकात होऊन गेला. छातीवर बोटांनी ठोकून आत पाणी किती साठलंय ते ओळखायची रीत त्यानं १७६१ साली पुस्तक लिहून मांडली. तो खानावळवाल्याचा मुलगा. दारूच्या पिंपावर ठोकून आत माल किती राहिलाय ते बघायची बापाची सवय त्यानं माणसाच्या छातीला लावली, असं सांगतात. हे मी कुठं तरी वाचून विसरले होते. आठवलं ते दवाखान्यात, बाबांना पाठमोरं बसवून तरुण डॉक्टरनं त्यांच्या पाठीवर डाव्या हाताचं बोट आडवं ठेवलं आणि उजव्या हाताच्या बोटानं त्यावर ठोकत ठोकत तो खाली आला तेव्हा. वर आवाज मोकळा. मग एका फासळीशी बसका. तिथं त्यानं पेननं बारीक रेघ ओढली आणि म्हणाला, “इथपर्यंत पाणी आहे.” तासाभरानं एक्स-रे आला, तोही तेच सांगत होता. बाबांना मात्र त्या रेघेचं भारी कौतुक. मान वळवून मला म्हणाले, “आपल्यापेक्षा धरण बरं, त्याचं पाणी सोडतात तरी.” मी हसले नाही. हसायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी नऊला गॅरेजवर गेले. खरं तर मी असण्याची काही गरज नव्हती. मेस्त्रींनी एक खुर्ची दिली, ती मुद्दाम लांब ठेवली, आणि मोबाइल बंद करून ऑफिसात ठेवायला सांगितला. “भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी वाईट,” ते म्हणाले. पेट्रोल स्वतः जळत नाही, त्याची वाफ जळते, आणि टाकी जितकी रिकामी तितकी वाफेला जागा जास्त. ती वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. वर उडून जात नाही, जमिनीवर पसरून वाट बघत बसते. म्हणून गाडी उघड्यावर घेतलेली, शेजारच्या वेल्डिंगवाल्याला अर्धा तास हात थांबवायला सांगितलेलं, कडेला वाळूची बादली आणि भिजवलेलं पोतं. अडचण अशी की हे काम टाकी जवळजवळ संपलेली असताना करायचं असतं. नाही तर मागच्या सीटखालचं टाकीचं झाकण उघडताच हिंदकळून पेट्रोल गाडीत सांडतं. आणि टाकी संपत आलीय की नाही हे जो सांगणार, तोच तर बिघडलेला. म्हणून कालची टकटक.

आधी त्यांनी टाकीतल्या पंपाचा फ्यूज काढला आणि गाडी चालू करून तशीच सोडली. नळीत उरलेल्या पेट्रोलवर ती क्षणभर चालली, मग दोन आचके देऊन विझली. नळीत दाब असताना जोड सोडवला तर पेट्रोलची चिळकांडी थेट डोळ्यांत येते. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. मग मागची सीट.

सीट उचलली आणि आम्ही सगळेच थांबलो. खाली २०१९ होतं.

पुराचा गाळ. बारीक, करडा, मैद्यासारखा, वाळून भेगा पडलेला. गाडी त्यानंतर तीनदा धुतली होती, आतलं सगळं बदललं होतं, पण सीटच्या बैठकीखाली झाकणाभोवतीच्या खळग्यात पंचगंगा तशीच बसून होती. त्या गाळात एक दोन रुपयांचं नाणं, आईची एक पिन आणि दसऱ्याला गाडीच्या पूजेत ठेवलेलं आपट्याचं पान रुतलेलं, शिरा अजून स्पष्ट. ते पान पुराआधीचं. म्हणजे बाबांनीच ठेवलेलं.

त्या ऑगस्टमध्ये गाडी नागाळा पार्कातल्या इमारतीखाली उभी होती. शेजाऱ्यांनी आपापल्या गाड्या टेकाडावर नेऊन लावल्या. बाबांनी नेली नाही. २००५ च्या पुरात पाणी पार्किंगच्या पहिल्या पायरीशी थांबलं होतं, तोच त्यांचा पुरावा. जिल्हा परिषदेत लेखा विभागात उभी नोकरी केलेला माणूस, आधीच्या नोंदीवर विश्वास ठेवणार. बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ हायवे बंद झाला, टँकर येईनात, पंपांवर पेट्रोल तातडीच्या गाड्यांसाठी राखून ठेवलं, आणि आम्ही दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून आमच्या गाडीचं फक्त छप्पर बघत होतो. पांढरं छप्पर, त्यावर कुणाचा तरी प्लास्टिकचा तांब्या येऊन अडकलेला. आई सारखी म्हणत होती, “टाकी अर्धी भरलेली आहे हो, परवाच टाकलंय.” जणू ते अर्धं पेट्रोल वाचलं की गाडी वाचली. पाणी ओसरल्यावर गाडी महिना दीड महिना तशीच उभी राहिली, कारण सगळ्या गॅरेजांत रांगा. शेवटी मेस्त्रींनीच ती टोचन करून नेली, टाकीच्या बुडाचा बोल्ट काढून गढूळ पेट्रोल सोडून दिलं, इंजिन उघडलं. टाकीचं वरचं झाकण तेवढं कुणी उघडलं नाही. गाडी परत आली तेव्हा काटा अर्ध्यावर होता, आणि मग अर्ध्यावरच राहिला.

गॅरेजच्या पोरानं ब्रशनं गाळ झाडला. कॉम्प्रेसरची हवा मेस्त्रींनी मारू दिली नाही. “आदी ब्रश. हवा मारलीस तर सगळा गाळ टाकीत.” एरवी एवढं सावकाश काम करणारा माणूस नाही तो. आठ बोल्ट, आठ नंबरचा पाना. त्यातले तीन गंजून एकजीव झालेले. त्यांच्यावर तेल सोडून चहा मागवला. चहा संपेपर्यंत बोल्टांना हात लावला नाही. घाईनं पीळ दिला की बोल्टाचं डोकं तुटतं आणि मग ड्रिल लागतं, आणि उघड्या टाकीशेजारी ड्रिल म्हणजे ठिणगी. तिसऱ्या बोल्टानं बारीक किंकाळी फोडली आणि सुटला. कडा चिकटून बसलेली होती, तिला लाकडी दांडक्यानं सगळीकडून थोडं थोडं ठोकलं. मग झाकण हललं आणि वास आला.

पेट्रोलचा वास आवडतो असं उघड म्हणायची सोय नसते. मला आवडतो. चेतकच्या काळातला तो वास, पंपावर दोन-टी ऑइल घालताना हातावर उडालेला थेंब. चेतकला काटाच नव्हता. तीन कानांची चावी, चालू, बंद, रिझर्व्ह. गाडी भरधाव असताना अचानक हुंदके द्यायला लागली की बाबा एक हात सीटखाली घालून चावी फिरवायचे आणि मागं न बघता म्हणायचे, “रिझर्व्हला आली.” रिझर्व्हही संपलं तर स्कूटर आडवी करायची, तळाशी राहिलेलं चार घोट पेट्रोल कार्ब्युरेटरकडं वळवायचं आणि पळत सुटायचं. कोल्हापुरातल्या रस्त्यांवर स्कूटर आडवी करून तिच्याशी बोलत उभा असलेला पुरुष हे तेव्हा रोजचं दृश्य होतं. या आताच्या वासात मात्र काही तरी वेगळं होतं, जरा गोडसर, मळीच्या वळणाचं. मेस्त्री हसले. “वीस टक्के ऊस हाय की ताई त्यात. आपलाच.” आणि फुगून लांबलेलं झाकणाखालचं रबर त्यांनी चिमटीत धरून दाखवलं. जुन्या रबरांना हे उसाचं इथेनॉल सोसत नाही, असं त्यांचं मत. नवीन रबर त्यांनी आधीच आणून ठेवलं होतं.

मग ते टँक युनिट बाहेर आलं, पंप आणि काट्याचं माप एकत्र असलेलं. सरळ ओढायचं नसतं. थोडं उचलायचं, मग तिरकं करायचं, मग स्वतःभोवती जरा फिरवायचं, कारण खाली एका लांब तारेच्या टोकाला फ्लोट असतो आणि ती तार वाकली की पुढं आयुष्यभर काटा चुकीचं सांगतो. पाळण्यातून झोपलेलं मूल उचलावं तसं मेस्त्रींनी ते काढलं. पंपाच्या वाटीत साठलेलं पेट्रोल पावशेरभर सांडलं, पोरानं लगेच फडकं टाकलं. टाकीच्या भोकावर दुसरं फडकं. मग हातपंपानं उरलेलं कॅनमध्ये काढलं. मापानं साडेसात लिटर भरलं. मेस्त्रींनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, एवढी त्यांना खात्री होती. आत उजेड टाकायला त्यांनी बॅटरी वापरली नाही. पोराकडून एक छोटा आरसा घेतला आणि अंगणातलं ऊन त्यावर पकडून टाकीत सोडलं. उन्हाचा तो चौकोन टाकीच्या तळावर हलत होता. खाली तळाशी पुन्हा तोच करडा गाळ, पातळ थर, पाकाच्या भांड्याला राहतो तसा.

गोष्ट केवढीशी. काळ्या फोमचा एक डबा तरंगतो, त्याची तार वर-खाली होते, तारेच्या दुसऱ्या टोकाला एक चिमुकली पितळी जीभ एका पट्टीवरून सरकते. टाकी भरली की विजेच्या वाटेत अडथळा कमी, रिकामी झाली की जास्त. पुढं डॅशबोर्डवर काटा त्या मानानं वळतो. मेस्त्रींनी मीटर लावलं. भरलेल्या बाजूला चार-पाच ओहम दाखवायला हवे, रिकाम्या बाजूला शंभरच्या आसपास. मीटरवर आकडा एकच, मधला, आणि तो ढळेना. फ्लोटची तार बिजागरीशी गंजून धरली होती. तरंगायचा तो फ्लोट टाकी रिकामी असली तरी हवेत ताठ उभा राहत होता. महिना दीड महिना गाडी जागेवर उभी राहिली तेव्हा जिथं होता तिथं. त्या आठवड्यात आईनं सांगितलेल्या अर्ध्या टाकीवर.

पट्टी काळी पडली होती. त्या पट्टीवर चांदीचा अंश असतो, आणि पेट्रोलमधलं गंधक तिला काळं करतं. देव्हाऱ्यातलं चांदीचं निरांजन काळवंडतं ते याच गंधकानं. २०२० पासून पेट्रोलमधलं गंधक दहा लाखात दहा भागांवर आणलंय, पण ही पट्टी त्याआधीची पंधरा वर्षं पिऊन बसलेली. पोरानं खिशातनं शाळेतलं खोडरबर काढलं आणि हळूहळू पट्टी घासली. चकाकी आली. पण बिजागरी गेलेलीच होती. नवीनच घालावं लागणार. मेस्त्रींनी खोकं फोडलं. तेही आणून ठेवलेलंच.

“बरं झालं काढायला आणलीसा,” ते म्हणाले. “साहेबांना मी दोनदा म्हटलं. पुराच्या वर्षी एकदा, पासिंगच्या वेळंला एकदा. युनिट आणून ठेवलंतं की, हेच. म्हणले, ऱ्हाऊ दे.”

“का?”

“ते काय बोलले न्हाईत. बाईसाहेबांचं काय तरी म्हणले.”

मी खुर्चीवरनं उठून गाडीच्या पुढच्या खणातली डायरी काढली. इतके दिवस मला वाटत होतं बाबा पहिल्यापासूनच हा हिशेब ठेवत होते. तसं नव्हतं. पुराआधीच्या पानांवर फक्त तारीख आणि रुपये. किलोमीटर आणि लिटर लिहायला सुरुवात झाली ती ऑक्टोबर २०१९ पासून, गाडी परत आल्याच्या आठवड्यापासून. दोन भरण्यांत कधी अडीचशे किलोमीटरांच्या वर अंतर नाही. ३५ लिटरच्या टाकीला हे फारच सांभाळून. काटा बिघडल्याचा मात्र कुठं उल्लेख नाही. चार वर्षं तो माणूस डोक्यात टाकी घेऊन गाडी चालवत होता.

आणि मग मला आंबा घाट आठवला. मी सातवीत असेन. मामाची गाडी उसनी घेऊन गणपतीपुळ्याहून परतत होतो. काट्याची वायर कुठं तरी बॉडीला टेकली होती, म्हणून काटा वरच राहिला, आणि रात्री साडेआठला घाटाच्या मध्यावर गाडी मुकाट्यानं थांबली. धुकं, पाऊस, खाली दरीतून येणारा पाण्याचा आवाज. बाबा एका ट्रकमध्ये बसून पेट्रोल आणायला गेले. आम्ही दोघी काचा चढवून सव्वादोन तास बसून होतो. आई एकही शब्द बोलली नाही, फक्त माझं मनगट धरून होती. दुसऱ्या दिवशी मनगटावर वळ होते. त्यानंतर आई गाडीत बसली की आधी काट्याकडं बघायची. कुठंही जायचं असो, अगदी महाद्वार रोडला. “पेट्रोल आहे ना हो?” काटा पाव टाकीच्या खाली दिसला की ती गप्प व्हायची, पदर बोटाला गुंडाळायला लागायची, आणि बाबांना वाकडी वाट करून पंपावर जावंच लागायचं. आम्ही तिला चिडवायचो. पुरानंतर तिनं विचारणं बंद केलं. आम्हाला वाटलं, वयानं धीट झाली.

नवीन युनिट बसलं, तिरकं करून, नवीन रबरासकट. बोल्ट समोरासमोरचे आळीपाळीनं आवळले, एका दमात कुठलाच नाही. साबणाचं पाणी सोडून बघितलं, बुडबुडा आला नाही. सीट बसवायच्या आधी मी ते आपट्याचं पान उचलून डायरीत ठेवलं. जुनं युनिट मेस्त्रींनी वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिलं. मी मागितलं नव्हतं. पंपावर गेले, पोरगा म्हणाला, “ताई, झिरो बघा,” मी झिरो बघितला, टाकी फुल्ल करायला सांगितली. चावी फिरवल्यावर काटा खालून निघाला आणि अर्ध्याशी आला. मला उगाच वाटलं आता तिथं थांबेल. तो थांबला नाही. पार वर गेला. मला आनंद व्हायला हवा होता, झालाही, पण बाबांचं एक काम मी आज पैसे देऊन बंद करून आले असंही वाटत राहिलं.

पुढच्या महिन्यात आईला घेऊन जोतिबाला निघाले. वाटेत तिनं नेहमीप्रमाणे पर्स मांडीवर ठेवली, पट्टा ओढून घेतला आणि मग तिची नजर काट्यावर गेली. पाव टाकीला आला होता. वडणगे फाट्यापर्यंत ती काही बोलली नाही.

“हा दुरुस्त केलास होय?”

“हो. आरटीओचं होतं म्हणून.” मी उगाच खोटं बोलले. मग राहवलं नाही. “बाबांनी मुद्दाम तसाच ठेवला होता, आई. तू घाबरू नयेस म्हणून. मेस्त्री म्हणाले.”

आई काचेतून बाहेर उसाकडं बघत होती. पदर बोटाला गुंडाळला होता.

“मला काय कळत नव्हतं होय?” ती म्हणाली. “चार वर्षं अर्ध्या टाकीवर गाडी चालते कधी? पण एवढं करत होते, तर बघायचं आणि गप्प बसायचं.” मग जरा वेळानं, “पंप कुठं आहे गं पुढं?”